देखणा कोंबडा आणि रिकामी अंडी: नराच्या रंगाचा फलनक्षमतेशी खरंच संबंध असतो का?

कोंडुरा_गुहागर | १४ मे, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. मी इथला मुका वाचक, पहिल्यांदाच धागा काढतोय.

घरामागे १६ गावठी कोंबड्या आहेत. जुना कोंबडा दिवाळीत रानमांजराने नेला. दिसायला अगदीच यथातथा होता, एका डोळ्याने अधू, पण खुडूक कोंबडीखाली १२ अंडी ठेवली की ९-१० पिल्लं हमखास. जानेवारीत भाच्याच्या आग्रहाने कोल्हापूरकडच्या एका हौशी माणसाकडून नवा कोंबडा आणला. मोजून १८०० रुपये. काय रूप सांगू! सोनेरी पीस आणि प्रत्येक पिसाला काळी किनार, जसं कोणी टाक घेऊन बसून रंगवलंय. तोंड लालबुंद. रस्त्याने जाणारे गाड्या थांबवून बघतात.

आणि आता हिशोब ऐका. तीन कोंबड्यांखाली मिळून ३८ अंडी, पिल्लं निघाली ९.

आमचे वडील म्हणायचे, नर तेजस्वी तर बी तेजस्वी. मोर, सुगरण, शिंजीर, सगळ्यांचे नर नटलेले आणि माद्या साध्या, म्हणजे मादी काहीतरी बघूनच निवडत असणार ना? मग रंग हा पौरुषाचा दाखला असतो की नसतो? की मी १८०० रुपयांचं कॅलेंडर विकत घेतलंय?

टॉर्च_आणि_टोपली | १४ मे, सकाळी ९:०५

आधी कोंबड्यावरचा आरोप सिद्ध करू. मी पशुसंवर्धनातून निवृत्त झालोय, ही तक्रार शेकड्यांनी ऐकली आहे.

पहिलं म्हणजे एका कोंबड्याला १६ माद्या जास्त होतात. आठ-दहा पुष्कळ. दुसरं, एप्रिल-मेच्या उकाड्यात नराचं बी पातळ पडतं, कोणताही कोंबडा असो. तिसरं, अंडी आठवड्याहून जास्त साठवून मग बसवलीत का?

आणि "रिकामं" म्हणजे काय ते ठरवा. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून आरपार स्वच्छ दिसलं की लोक म्हणतात कोंबडा निकामी. पण फळलेलं अंडं पहिल्या दोन-तीन दिवसांत मेलं तरी तसंच दिसतं. तेव्हा आजची ताजी पाच-सहा अंडी बशीत फोडा. बलकावर पांढरा ठिपका दिसेल. लहान, भरीव, वेड्यावाकड्या कडेचा ठिपका म्हणजे फळलेलं नाही. मोठा, गोल, आत फिकट वर्तुळ, निशाणाच्या चकतीसारखा दिसला तर फळलेलं. बघा आणि कळवा. ऑम्लेट वाया जात नाही.

उगाच_मधेच | १४ मे, सकाळी ९:३०

कोंबड्याला रडवून बघा. मोराचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते हे २०१७ मध्ये एका निवृत्त होणाऱ्या न्यायमूर्तींनी सांगितलेलं आहे. आपण कोण बोलणारे?

शिंजीर | १४ मे, रात्री १०:१५

उगाच, तुम्ही हसवलंत, पण निम्म्या महाराष्ट्राला ते खरं वाटतं म्हणून सांगते. मोर इतर पक्ष्यांसारखाच लांडोरीच्या पाठीवर चढतो. बहुतेक पक्ष्यांना लिंग नसतं (बदकं, हंस, शहामृग हे अपवाद), नर-मादीची अवस्करं (विष्ठा, अंडं, वीर्य सगळ्याचं एकच द्वार) क्षणभर टेकतात आणि काम होतं. इतकं झटपट की लोकांना दिसतच नाही, म्हणून अश्रूंची कथा.

आता कोंडुरादादांचा प्रश्न. तुमच्या वडिलांचं म्हणणं जवळजवळ त्याच शब्दांत विज्ञानात मांडलेलं आहे. १९९४ मध्ये बेन शेल्डन यांनी सुचवलं की नराचं बाह्यरूप हे त्याच्या वीर्याच्या दर्जाचं चिन्ह असू शकेल. मादीने घरोबा एकाशी केला, तो निघाला वांझ, तर तिचा हंगाम फुकट. मग शेजारच्या जास्त झळाळत्या नराकडे एक फेरी मारून येणं म्हणजे विमा उतरवणं. हे उगाच सुचलेलं नाही. तोवर पितृत्वाच्या चाचण्या होऊ लागल्या होत्या आणि जोडीने संसार करणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या घरट्यात "शेजाऱ्याची" पिल्लं सर्रास सापडत होती. ऑस्ट्रेलियातल्या निळ्या परी-रेनमध्ये तर निम्म्याहून अधिक पिल्लं घरच्या नराची नसतात.

याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे युरोपातली ग्रेट टिट. पिवळ्या छातीची, चिमणीएवढी. तो पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा असतो, गाजरात असतो त्याच कुळातला. पक्ष्यांना तो स्वतः बनवता येत नाही, अळ्या खाऊन मिळवावा लागतो. शुक्राणू फार नाजूक. त्यांच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांना ऑक्सिडीकरणाने पटकन इजा होते, लोखंडाला गंज चढावा तशी. २०१० मध्ये हेल्फेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी रानातल्या ग्रेट टिट नरांवर मुद्दाम जास्त ताण आणला. फिक्या नरांचे शुक्राणू मंदावले, त्यांना जास्त इजा झाली. गडद पिवळे नर तुलनेने टिकून राहिले. आणि गंमत म्हणजे फिक्यांना वरून कॅरोटिनॉइड खाऊ घातलं तर त्यांचं नुकसान भरून निघालं.

आपल्याकडची राखी वल्गुली हिचीच जवळची नातेवाईक. पण तिच्या छातीवर पिवळं नावालाही नाही! तिच्या मादीने कुठला दाखला बघायचा?

संख्याबंबाळ | १५ मे, सकाळी ८:२०

ताई, हा एकच प्रयोग सगळीकडे सांगितला जातो, कारण तो देखणा आहे. (कोंबड्यासारखाच.) २०१३ मध्ये माउट्झ, मोलर आणि जेनियन्स यांनी नरांचं नटणं आणि वीर्याचा दर्जा यांवरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. पक्षीच नाही, इतर प्राणीही होते त्यात. शुक्राणूंची संख्या, जिवंतपणा, वेग, आकार, कसंही मोजा, सरासरी संबंध किंचित होकाराकडे झुकलेला, पण ठामपणे "आहे" म्हणावं इतका नाही.

म्हणजे वडिलांचं म्हणणं खोटं नाही, पण त्यावर १८०० रुपये लावू नयेत.

शिंजीर | १५ मे, सकाळी ११:००

मान्य. पण सरासरी शून्याजवळ आली की दोन अर्थ निघतात. कुठेच संबंध नाही, किंवा काही जातींत सुलटा, काहींत उलटा, आणि मिळून फिटंफाट. मला दुसरं पटतं. सवडीने लिहिते, आत्ता दहावीच्या पेपरांचा गठ्ठा समोर आहे.

कोंडुरा_गुहागर | १५ मे, संध्याकाळी ६:१०

डॉक्टरसाहेब, सहा अंडी फोडली. चारांवर बारीक भरीव ठिपका, दोनांवर वर्तुळ. म्हणजे दोषी कोंबडाच ना?

साठवण जास्तीत जास्त सहा दिवस, तीही माठाजवळ. पहिली बॅच फेब्रुवारी अखेरची होती, तेव्हा उकाडा नव्हता. १६ माद्या मात्र कबूल. पण आधीचा काणा याच १६ जणींना पुरून उरायचा!

टॉर्च_आणि_टोपली | १५ मे, रात्री ८:३०

सहापैकी दोन. हं. नमुना छोटा आहे, पण संशयाला जागा आहे. कोंबडा चढतो का नीट, हे बघितलंत? का नुसता पंख पाडून गोल गोल फिरतो?

कोंडुरा_गुहागर | १५ मे, रात्री ९:००

चढतो हो. दिवसातून कितीतरी वेळा. त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

उगाच_मधेच | १५ मे, रात्री ९:०४

धागा कौटुंबिक आहे याची नोंद घ्यावी.

माळावरचा | १६ मे, दुपारी १:१५

सोलापूरकर. लहानपणी नान्नजला माळढोकाचा नर पाहिलाय. गळ्याखालची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर टाकून उभा, आणि तो घुमणारा आवाज. अजून अंगावर काटा येतो. म्हणून त्याच्या भाऊबंदाची गोष्ट सांगतो.

मोरोक्कोत हुबारा माळढोकाचं पिंजऱ्यातलं प्रजनन मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथे नरांचं वीर्य गोळा करून कृत्रिम रेतन करतात, त्यामुळे कोण किती नाचतो आणि त्याचं वीर्य कसं, दोन्हीची वर्षानुवर्षांची नोंद आहे. सतराशेहून जास्त नरांचा हा हिशोब २०११ मध्ये छापून आला. जे नर सर्वांत जास्त नाचले त्यांचं वीर्य वयानुसार लवकर घसरलं. आणि वीर्य घसरलं तरी यांचा नाच चालूच! म्हणजे म्हाताऱ्या नाच्याला बघून मादी फसू शकते.

ही विद्या आपल्यालाही उपयोगी पडली. आपल्या लोकांनी अबुधाबीच्या हुबारा संस्थेकडून तंत्र शिकून घेतलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेरला कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पहिलं पिल्लू जन्मलं. जेव्हा सगळे मिळून शे-दीडशेच्या घरात पक्षी उरलेत, तेव्हा कुठल्या नराचं बी घ्यायचं हा प्रश्न कोंडुरादादांच्या प्रश्नासारखाच आहे, फक्त जीवघेणा.

पाणवठा | १६ मे, दुपारी ३:४०

भिगवणला दर हिवाळ्यात रफ पक्षी येतात. आपल्याकडे असताना नर-मादी सगळे मातकट, आकारानेच ओळखायचे. उन्हाळ्यात उत्तरेला गेले की नरांना मानेभोवती पिसांची झूल फुटते, तपकिरी, काळी, पांढरी, आणि मैदानात जत्रा भरते. पण काही थोडे नर आयुष्यभर मादीसारखेच दिसतात. झूल नाही, नाच नाही. मादी समजून इतर नर त्यांना मधे येऊ देतात आणि ते गुपचूप कार्यभाग उरकतात. २००६ मध्ये युकेमा आणि पिर्स्मा या डच अभ्यासकांनी त्यांची ओळख पटवली. नटलेल्या नरांच्या तुलनेत यांचे वृषण सुमारे अडीच पट मोठे निघाले.

रंग शून्य, कारखाना अडीच पट. वडिलांना काय सांगणार?

शिंजीर | १७ मे, रात्री ११:२०

गठ्ठा संपला. आता लांबलचक लिहिते, सहन करा.

माझं म्हणणं असं की रंग "खरा" की "खोटा" हे विचारण्याआधी तो रंग कधी आणि कशाने तयार झाला ते विचारावं. वीर्य आजचं असतं. हंगामात पक्ष्याचे वृषण कित्येक पटींनी फुगतात, हंगाम संपला की आक्रसून दाण्याएवढे होतात. पण पीस? पीस मेलेलं असतं. नखासारखं. ज्या दिवशी ते वाढून पूर्ण झालं त्या दिवशीचा तो फोटो. मोराचा पिसारा पावसाळा सरता सरता झडतो आणि पुढचे काही महिने नवा वाढतो. म्हणजे जूनमध्ये लांडोर जो पिसारा बघते तो मोराच्या मागच्या हिवाळ्यातल्या तब्येतीचा दाखला. या जूनमधल्या वीर्याबद्दल तो काय बोलणार?

त्याहून पुढचं ऐका. मोर आणि कोंबडा या कुळात नराचा पिसारा वृषणांमुळे येतच नाही! तो या पक्ष्यांचा मूळ पोशाख आहे. मादीच्या अंडाशयातून निघणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक तो पोशाख दाबून तिला साधा रंग देतं. म्हातारी झाल्यावर किंवा अंडाशय बिघडल्यावर एखाद्या मादीला नराची पिसं फुटतात. जॉन हंटर यांनी १७८० मध्ये अशा फेझंट (कोंबडीच्याच कुळातला पक्षी) मादीचं वर्णन करून ठेवलंय. आपल्याकडे कोंबडी आरवली की अपशकुन म्हणून तिची मान मुरगळत. बिचारीचं अंडाशय बिघडलेलं असायचं, बस. उलट बाजूने, खच्ची केलेल्या कोंबड्याची पिसं तशीच झोकदार राहतात. म्हणजे ज्याच्याकडे बीच नाही त्याचाही पिसारा शाबूत. कोंडुरादादा, तुमची सोनेरी पिसं या कामात साक्षीदार म्हणून बाद.

मग कोंबड्यात खरं कोण बोलतं? तुरा. तो जिवंत मांस आहे, त्यात रक्त खेळतं आणि तो वृषणांतून येणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर जगतो. १८४९ मध्ये गॉटिंगेनच्या बर्थोल्ड यांनी सहा कोवळे कोंबडे घेतले. दोघांचे वृषण काढून टाकले. ते मवाळ झाले, तुरे वाढेनात. उरलेल्या चौघांचे वृषण काढून पुन्हा पोटात भलत्या जागी ठेवले, दोघांत त्यांचेच, दोघांत एकमेकांचे. हे चौघे आरवले, भांडले, तुरे लाल झाले. नसा तुटलेल्या असूनही. म्हणजे निरोप रक्तातून जातो. सगळं संप्रेरकशास्त्र इथून सुरू झालं असं म्हणतात, एका कोंबड्याच्या तुऱ्यावरून.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी राखी रानकोंबडा पाहिला असेल. हंगाम सरला की त्याच्या मानेवरची ती मेणाच्या थेंबांसारखी पिवळ्या ठिपक्यांची पिसं झडतात, काळपट येतात आणि तुराही आक्रसतो. तो माणूस बदलल्यासारखाच दिसतो. (जाता जाता, आपल्या कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचं जनुक याच सह्याद्रीच्या रानकोंबड्याकडून आलंय, हे २००८ मध्ये कळलं. तांबड्या रानकोंबड्याकडून नाही.)

चोचीचंही तसंच. मॅलार्ड बदकाच्या नराचं हिरवं डोकं सगळे बघतात, पण शुक्राणूंच्या कामगिरीशी संबंध सापडला तो चोचीच्या रंगाचा. पीटर्स आणि सहकारी, २००४. चोच जिवंत असते, तिचा रंग तब्येतीबरोबर बदलतो.

पाणवठा यांचा रफ आणि संख्याबंबाळ यांची "किंचित होकाराकडे" असलेली सरासरी, दोन्ही यात बसतात असं मला वाटतं. पीस, चोच, तुरा, नाच, झूल, सगळं "नटणं" म्हणून एका पोत्यात भरलं की सरासरी गुळमुळीत येणारच.

माळावरचा | १८ मे, सकाळी ७:१५

ताई, झकास. पण मोराच्या पिसाऱ्यावर लांडोर भाळते हे तरी खरं ना? डोळे जितके जास्त तितकी लग्नं जास्त असं वाचलंय.

शिंजीर | १८ मे, सकाळी ७:५०

तिथेही भांडण आहे. मॅरियन पेट्री यांनी इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड पार्कातल्या मोरांवर १९९१ मध्ये तसं दाखवलं. पुढे हेही दाखवलं की मोठ्या पिसाऱ्याच्या मोराशी जोडी लागली तर लांडोर जास्त अंडी घालते. पण नीट बघा, जास्त अंडी घालणं हा लांडोरीचा निर्णय. मोराच्या वीर्याची ती परीक्षा नव्हे. मग २००८ मध्ये ताकाहाशी आणि मंडळींनी जपानमधल्या इझू इथल्या मोरांचं सात वर्षांचं निरीक्षण छापलं. त्यात पिसाऱ्याला भाव मिळताना दिसलाच नाही. डार्विनला १८६० मध्ये मोराचं पीस बघून मळमळायचं असं त्याने पत्रात लिहिलंय. आपल्याला आज थोडी कमी मळमळ होते इतकंच.

उगाच_मधेच | १८ मे, सकाळी ८:०५

आणि कोंबडीला काय कळतं? तिचं चालतं का काही?

शिंजीर | १८ मे, सकाळी ८:४०

भरपूर. कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक बारीक नळ्या असतात, त्यात ती शुक्राणू साठवते. एकदा नर लाभला की दोन आठवडे, कधी तीन आठवडेही फळलेली अंडी देऊ शकते. नकोसा नर चढला तर त्याचं वीर्य ती बाहेर टाकते, आणि बहुधा हा मान कळपात खालच्या पायरीवरच्या नरांना मिळतो. पिझारी आणि बर्कहेड, २०००. कोंबडाही हिशोबी असतो बरं का. मोठ्या तुऱ्याच्या कोंबडीला तो जास्त शुक्राणू देतो, हे २००३ मधलं. तिचा तुरा तिच्या अंड्यांचा अंदाज देतो म्हणून.

खाडीपलीकडे | १८ मे, रात्री ११:५५

न्यू जर्सीहून. आमच्याकडे परसात सहा कोंबड्या पाळायची नगरपालिकेची परवानगी आहे, कोंबड्याला नाही. पण आधी एका शेतावर राहायचो तिथे होते.

कोंडुरा, सोनेरी पिसाला काळी किनार वाचून वायनडॉट डोळ्यांसमोर आला. इथलीच जात. थंडीत मोठे तुरे गारठून मरतात आणि तसं झालं की कोंबड्याची अंडी फळत नाहीत, म्हणून इथे बसक्या तुऱ्याच्या जाती आवडतात. दोन प्रश्न. एक, तुमच्या कोंबड्याच्या बुडाशी खूप लोकरीसारखी पिसं आहेत का? वायनडॉटच्या त्या झुबक्यामुळे बूड नीट टेकतच नाही, पाळणारे हंगामात कात्रीने छाटतात. दोन, तुरा कसा आहे? करवतीच्या दात्यांसारखा उभा, की डोक्यावर चपटा बसलेला?

कोंडुरा_गुहागर | १९ मे, सकाळी ७:००

अहो, तुम्ही इकडे येऊन बघून गेलात की काय! बुडाशी पिसांचं गाठोडंच आहे. तुरा चपटा, वर बारीक बारीक दाणे, मागे एक टोक निघालेलं. इथे बायका म्हणतात "याने डोक्यावर तुतीचं फळ ठेवलंय".

टॉर्च_आणि_टोपली | १९ मे, सकाळी ९:१०

सापडला!

त्याला रोझ कोम म्हणतात, आपण गुलाबतुरा म्हणू. प्राण्यांतही मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम चालतात हे बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखवलं ते कोंबडीच्या तुऱ्यांवर, त्यात हाही होता. गुलाबतुऱ्याचं जनुक प्रभावी. एक प्रत असली तरी तुरा चपटा. आणि पोल्ट्रीतल्या लोकांना फार वर्षांपासून माहीत आहे की ज्या नरात या जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत त्याची अंडी कमी फळतात. २०१२ मध्ये कारण कळलं. कोंबडीच्या सातव्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा होऊन बसलाय. त्याच्या एका टोकाला तुऱ्याचा आकार बदलणारं जनुक भलत्या वेळी चालू होतं, दुसऱ्या टोकाला एक वेगळं जनुक मधोमध तुटतं आणि शुक्राणूंची हालचाल बिघडते. एकाच घावात तुरा देखणा आणि बी लंगडं.

माद्यांना याचा त्रास नाही. एकच प्रत असलेल्या नरालाही नाही.

शिंजीर | १९ मे, सकाळी ९:४०

डॉक्टर, मी रात्रभर सिद्धांत सांगत बसले आणि तुम्ही तुऱ्याच्या आकारावर खटला निकालात काढलात! आणि मीच म्हटलं होतं, तुरा खरं बोलतो. आकाराबद्दल मी काही बोलले नव्हते अशी पळवाट काढते.

संख्याबंबाळ | १९ मे, सकाळी १०:३०

थांबा, निकाल नको. दोन प्रती आहेत हे कसं कळलं? एक प्रत असली तरी तुरा तसाच दिसतो. कोंडुरा, तुमच्या गावठी कोंबड्यांचे तुरे एकेरी, उभे आहेत ना? मग पिल्लांचे तुरे बघा. बापाकडे एकच प्रत असेल तर साधारण निम्म्या पिल्लांना एकेरी तुरा यायला हवा. दोन्ही असतील तर एकालाही नाही.

कोंडुरा_गुहागर | १९ मे, दुपारी १२:१५

कोंबड्या सगळ्या एकेरी. ९ पिल्लांपैकी दोन घारीने नेली. उरलेली सातही चपट्या डोक्याची.

संख्याबंबाळ | १९ मे, दुपारी १२:४०

एकच प्रत असती तर सातच्या सात चपटी निघण्याची शक्यता १२८ मध्ये १. मी दोन प्रती मान्य करतो. पण कमी पिल्लांचं कारण तेवढंच, हे मान्य नाही. १६ माद्या आहेत, पिसांचं गाठोडं आहे, शेवटच्या बॅचला उकाडा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला.

नवा_आलोय | १९ मे, दुपारी २:००

धाग्याचं नाव रंग आणि सगळं चाललंय तुऱ्यावर. स्वर्गीय नर्तकाबद्दल कोणी बोलेल का? त्याच्या लांब फितीच्या शेपटीचं काय?

शिंजीर | १९ मे, दुपारी ४:३०

बोलते, थोडक्यात. स्वर्गीय नर्तकाच्या नराला फिती यायला दोन-तीन वर्षं लागतात. त्याआधी तो तांबूस, आखूड शेपटीचा, मादीसारखा दिसतो आणि तशा अवस्थेतही घरटं करून पिल्लं वाढवतो. म्हणजे फितीविना बी चालतं. फिती कशासाठी मग? भांडणासाठी, मिरवण्यासाठी, वय दाखवण्यासाठी. मादीला वीर्याखेरीजही पुष्कळ काही हवं असतं. हॅमिल्टन आणि झूक यांनी १९८२ मध्ये म्हटलं होतं की रंग म्हणजे अंगात परजीवी नसल्याची खूण. प्रत्येक दागिन्याला वांझपणाच्या चाचणीला बसवायचं कारण नाही.

टॉर्च_आणि_टोपली | १९ मे, संध्याकाळी ७:१०

कोंडुरा, आता असं करा. एक तर कोंबड्याच्या आणि माद्यांच्या बुडाची पिसं छाटा, नाहीतर नवीन कोंबडा आणून या सोनेरीला वेगळं ठेवा, पण दोन्ही एकदम करू नका, नाहीतर संख्याबंबाळ रागावतील. मला विचाराल तर कोंबडा बदला. आणि बदलल्यावर तीन आठवडे अंडी खा, बसवू नका. तोवर कोंबड्यांच्या पोटात जुन्याचाच साठा असेल.

सातांत जे नर निघतील ते ठेवायला हरकत नाही. त्यांच्यात आईकडून आलेली एक साधी प्रत आहे.

कोंडुरा_गुहागर | २७ जुलै, सकाळी ६:५०

मंडळी, उशीर झाला, लावणीत अडकलो होतो.

शेजारच्या वाडीतून एकेरी तुऱ्याचा, काळा-तांबडा साधा कोंबडा उसना आणला. सोनेरी साहेबांना गोठ्याच्या बाजूला जाळीत ठेवलं. तीन आठवडे अंड्यांची पोळी. १४ जूनला दोन कोंबड्या बसवल्या, २५ अंडी. ५ जुलैपासून पिल्लं फुटायला लागली, २० निघाली. सगळ्यांच्या डोक्यावर करवत.

संख्याबंबाळ | २७ जुलै, सकाळी ८:००

अभिनंदन! पण मधे पाऊस सुरू झाला, उकाडा गेला. शिवाय नवीन कोंबड्याच्या बुडाशी गाठोडं नाही. म्हणजे तुम्ही तीन गोष्टी बदलल्यात.

टॉर्च_आणि_टोपली | २७ जुलै, सकाळी ८:१०

अहो, त्यांना पिल्लं हवी होती, पीएचडी नाही.

खाडीपलीकडे | २७ जुलै, सकाळी ८:४५

सोनेरी साहेबांचं पुढे काय? विकणार?

कोंडुरा_गुहागर | २७ जुलै, दुपारी १:२०

विकणार होतो, गिऱ्हाईकही आलं होतं. नातीने जाळीच्या दारात बसून सत्याग्रह केला. आता तो तिकडेच असतो, पहाटे चारला उसन्या कोंबड्याच्या आधी आरवतो. बुडाची पिसं छाटून दोन कोंबड्या त्याच्यासोबत सोडल्यात, फक्त संख्याबंबाळ यांच्यासाठी. ऑगस्टमध्ये आकडे देतो.